एकाच मालकाची दोन विमानं, दोन भाडी

गोव्याहून दिल्ली-मुंबईकडे जाण्यासाठी मोबाइलवर तिकीट शोधायला बसलं, की एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्सप्रेस ही दोन नावं बऱ्याचदा एकाखाली एक येतात. दोन्हींचा मालक टाटा समूह. विमानं साधारण एकाच आकाराची आणि एकाच धावपट्टीवरून उडणारी. वैमानिकांचे परवाने एकाच सरकारी संचालनालयाचे, इंधनही त्याच टँकरमधून भरलेलं. तरी भाड्यात फरक असतो आणि कधीकधी तो हजार-दोन हजारांचा असतो.

‘स्वस्त विमानात जेवण देत नाहीत’ असं याचं उत्तर बहुतेक जण देतात. पण दीड-दोन तासांच्या प्रवासात मिळणाऱ्या जेवणाच्या ट्रेला कंपनीला काही हजार रुपये नक्कीच पडत नाहीत. जेवण काढून टाकल्याने होणारी बचत एकूण फरकाचा छोटा तुकडा आहे. इंधनातही फरक निघत नाही. भारतीय विमान कंपन्यांच्या खर्चाचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग इंधनावर जातो आणि तो दोन्ही भावंडांना सारखाच पडतो. मग भाडं उतरतं कुठून? आणि पूर्ण सेवेची कंपनी चालवणारा मालक आपल्याच घरात स्वस्त कंपनी कशाला उभी करतो? तिची गिऱ्हाईकं ती खाणार नाही का?

या प्रश्नांची उत्तरं समजून घ्यायला वास्को ही चांगली जागा आहे. शहराला लागून दाबोळी विमानतळ आहे आणि साठेक किलोमीटरवर पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ आहे. या दोन धावपट्ट्यांमधला फरक पाहिला, की स्वस्त विमानसेवेचं निम्मं गणित उलगडतं.

टेबल किती वेळा भरतं

वास्कोच्या बाजारातल्या एखाद्या खानावळीची कल्पना करा. तळमजल्यावर साधी खोली, माडीवर एसी. स्वयंपाकघर एक, मालक एक, कालवण त्याच टोपातलं. खाली शीत-कडी आणि भाजी ठरलेली, तळलेली इसवण हवी तर तिचे पैसे वेगळे. वरच्या मजल्यावर तीच थाळी महाग. लोकांना वाटतं, वीजबिलामुळे. पण मालकाला विचारलं तर तो टेबलाकडे बोट दाखवेल. खाली आलेलं गिऱ्हाईक पंधरा मिनिटांत जेवून उठतं, त्याच्या मागे दुसरं उभं असतं आणि एका दुपारी एक टेबल आठ वेळा भरतं. वर माणसं गप्पा मारत तासभर बसतात, टेबल तीनदा भरलं तरी खूप. जागेचं भाडं दोन्हीकडे सारखंच, पण खाली ते आठ पंगतींत वाटलं जातं आणि वर तिनांत.

विमानाचंही असंच आहे. बहुतेक कंपन्या विमान विकत घेऊन स्वतःकडे ठेवत नाहीत, ते भाडेतत्त्वावर घेतात. मालकाला दरमहा भाडं द्यावंच लागतं, मग विमान उडो वा उभं राहो. विमा, वैमानिकांचे मूळ पगार, देखभालीच्या तळाचा खर्च हेही थांबत नाहीत. समजा, हा सगळा बांधील खर्च एका विमानामागे दिवसाला 12 लाख रुपये येतो. (आकडा फक्त हिशेबासाठी घेतला आहे.) विमान दिवसातून 8 तास उडालं तर तासाला दीड लाख पडतात. त्यात 150 आसनं असतील तर प्रत्येक आसनावर तासाला 1,000 रुपयांचा बोजा येतो. तेच विमान 12 तास उडवलं तर तासाला एक लाख पडतात. पुढचा प्रशस्त वर्ग काढून सलग 186 आसनं बसवली, तर आसनामागचा बोजा तासाला 540 रुपयांच्या आत येतो. प्रवाशाला जेवण द्या किंवा देऊ नका, बांधील खर्च जवळजवळ अर्धा झाला. खरी बचत इथे आहे.

एअर इंडिया एक्सप्रेसने सुरुवातीपासून बोइंग 737-800 जातीची विमानं वापरली, त्यांत बहुतेक काळ 186 ते 189 आसनं होती. हा आकडा उगाच आलेला नाही. आपल्याकडच्या नियमानुसार दर पन्नास आसनांमागे एक केबिन कर्मचारी लागतो. म्हणजे दोनशेच्या आत राहिलं तर चौघांवर काम भागतं.

बारा तास उडायचं तर जमिनीवरचा वेळ कमी करावा लागतो. विमान थांबलं, प्रवासी उतरले, सफाई झाली, सामान काढलं-भरलं, इंधन घेतलं, नवे प्रवासी चढले, दारं बंद झाली: एवढं सगळं अर्ध्या तासात व्हायला हवं. स्वस्त सेवेचे बरेचसे नियम या अर्ध्या तासातून निघाले आहेत. सगळ्यांना जेवण द्यायचं नाही म्हणजे ट्रॉल्या भरण्या-उतरवण्याचा वेळ वाचतो. सगळी विमानं एकाच जातीची ठेवली, की कुठलाही वैमानिक कुठल्याही विमानावर बसू शकतो, एका विमानात बिघाड झाला तर दुसरं तिथे लावता येतं आणि सुट्या भागांचं एकच कोठार पुरतं. इंडिगो 2006 साली सुरू झाली ती हेच सूत्र धरून. तिला पाठीशी मोठी विमान कंपनी नव्हती आणि सांभाळायला जुनं घरही नव्हतं.

दाबोळीची सकाळ

आता हा अर्धा तास दाबोळीला आणून पाहू. हा विमानतळ पोर्तुगीज राजवटीत 1955 साली सुरू झाला. त्याच काळात गोव्याची स्वतःची विमान कंपनीही निघाली, ‘ट्रान्सपोर्तेस आएरियूस दा इंदिया पोर्तुगेझा’. भारताने नाकेबंदी केल्यामुळे कराची, दमण, दीव यांच्याशी संपर्क राखायला तिचा उपयोग होई. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय हवाई दलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले, गोवा मुक्त झाला आणि त्या कंपनीचाही शेवट झाला. धावपट्टी दुरुस्त होऊन भारतीय नौदलाकडे गेली. आज तो नौदलाचा हंसा तळ आहे आणि नागरी विमानं तिथे पाहुणी आहेत.

पाहुण्याला घरच्यांची वेळ पाळावी लागते. वर्षानुवर्षं कामाच्या दिवशी सकाळी साधारण साडेआठपासून दुपारी एकपर्यंतचा वेळ नौदलाच्या सरावासाठी राखीव राहिला. देशाच्या संरक्षणाच्या दृष्टीने ते रास्तच आहे. पण विमान कंपनीच्या वेळापत्रकाचं त्यामुळे काय होतं, हे सहसा कुणी सांगत नाही.

स्वस्त कंपनीचं विमान पहाटे पाच-सहाला निघतं आणि रात्री उशिरापर्यंत शहरामागून शहर गाठत फिरतं. या साखळीत प्रत्येक कडी मागच्या कडीवर टेकलेली असते. दाबोळीची सकाळ बंद असली, की गोव्याची फेरी एकतर भल्या पहाटे टाकायची किंवा दुपारनंतर. सगळ्याच कंपन्यांना तसंच करावं लागतं, त्यामुळे दुपारी दाबोळीवर विमानांची दाटी होते. उतरायला परवानगी मिळेपर्यंत आकाशात घिरट्या, उतरल्यावर उभं राहायला जागा मिळेपर्यंत थांबणं. अर्ध्या तासाचा थांबा पाऊण तासाचा झाला, की रात्री कोलकात्याला किंवा लखनौला पोहोचताना तेच विमान दोन तास मागे पडलेलं असतं. पूर्ण सेवेच्या कंपनीच्या वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवलेली असते. स्वस्त कंपनीला ती परवडत नाही. खानावळीच्या खालच्या खोलीला साडेआठ ते एक कुलूप लावलं तर तिथली थाळी स्वस्त राहणार नाही.

म्हणून 11 डिसेंबर 2022 रोजी मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 5 जानेवारी 2023 पासून तिथे विमानं उतरू लागली, तेव्हा गोव्याला केवळ दुसरी धावपट्टी मिळाली नाही, दिवसाचे चोवीस तास मिळाले. पेडण्याच्या माळावरच्या या जागेसाठी मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल या गावांतल्या लोकांनी जमिनी गमावल्या. त्या जमिनींतून आधी काय उभं राहिलं असेल तर सकाळी दहाची विमानफेरी.

पैसे वेगळे, पण कशाकशाचे

खानावळीतली तळलेली इसवण वेगळी घ्यायची, तसं स्वस्त विमानात आसन निवडण्याचे, जास्त सामानाचे, जेवणाचे, रांगेत पुढे जाण्याचे पैसे वेगळे. याला विमानाच्या धंद्यात पूरक उत्पन्न म्हणतात. अनेकांना ही लूट वाटते. मला तसं वाटत नाही, कारण यात एक न्याय आहे. दोन दिवसांसाठी खांद्यावर पिशवी टाकून निघालेल्या विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या पंचवीस किलोंच्या बॅगेचा खर्च का उचलावा? एक्सप्रेसने फक्त हातातलं सामान नेणाऱ्यांसाठी आणखी कमी भाड्याचा वर्ग काढला, तो याच विचाराने. आखाती मार्गांवर मात्र तिने तीस किलोपर्यंत सामान भाड्यातच दिलं, कारण दोन वर्षांनी घरी येणारा कामगार रिकाम्या हाताने येत नाही. गिऱ्हाईक ओळखून काय थाळीत ठेवायचं आणि काय वेगळं विकायचं हे ठरतं. अन्याय होतो तो एवढाच, की पहिल्या पानावर दिसणारं भाडं आणि शेवटच्या पानावर भरायची रक्कम यांत मोठं अंतर पडतं आणि घाईत असलेल्या माणसाच्या ते लक्षात येत नाही.

भाडं क्षणाक्षणाला बदलतं त्यामागेही फार गूढ नाही. विमानाची दारं बंद झाली की रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते, ते उद्या विकता येत नाही. म्हणून कंपनी 186 आसनांचे दहा-बारा गट पाडते. पहिला गट अगदी स्वस्त, तो संपला की दुसरा थोडा महाग, असं करत शेवटचा गट सर्वांत महाग. विक्री संथ असली तर संगणक स्वस्त गट पुन्हा उघडतो. नाताळाच्या आठवड्यात गोव्याकडे येणारी विमानं गच्च भरतात, चवथीला मुंबई-पुण्याचा गोंयकार घरी निघतो, आणि पावसाळ्यात मधल्या वारी तेच आसन निम्म्याहून कमी दराने सुटतं. 12 जून 2014 रोजी एअरएशिया इंडियाने आपलं पहिलंवहिलं विमान बंगळूरहून उडवलं, तेही गोव्याला, दाबोळीवर. त्या मार्गाचं सुरुवातीचं भाडं 990 रुपये ठेवलं होतं. त्या दराने सगळं विमान भरलं तरी खर्च निघत नाही. लोकांनी नाव लक्षात ठेवावं म्हणून काही आसनांना असे दर लावतात आणि सुटीच्या गावापेक्षा चांगला मार्ग त्यासाठी सापडत नाही.

चौकट: एका घराण्याच्या तारखा

1932 – जे. आर. डी. टाटा कराचीहून मुंबईला टपाल घेऊन विमान उडवतात.
1953 – विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण. परदेशी मार्ग एअर इंडियाकडे, देशांतर्गत मार्ग इंडियन एअरलाइन्सकडे.
1996 – इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी अलायन्स एअर उडू लागते.
2005 – 29 एप्रिलला एअर इंडिया एक्सप्रेसचं पहिलं विमान, तिरुवनंतपुरम ते अबुधाबी.
2007 – एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र.
2022 – 27 जानेवारीला एअर इंडिया आणि एक्सप्रेस टाटांच्या ताब्यात. अलायन्स एअर सरकारकडेच राहते.
2024 – 1 ऑक्टोबरला पूर्वीची एअरएशिया इंडिया एक्सप्रेसमध्ये विलीन, 12 नोव्हेंबरला विस्तारा एअर इंडियात विलीन.

आईला लेक कशाला हवी

खानावळीचा मालक दोन खोल्या ठेवतो तेव्हा त्याला एकच भीती असते: माडीवरचं गिऱ्हाईक खाली येऊन बसलं तर? जगभरच्या मोठ्या विमान कंपन्यांचं नेमकं हेच झालं. अमेरिकेत काँटिनेंटलने 1993 साली स्वस्त सेवा काढली, दोन वर्षांत गुंडाळली. डेल्टाने 2003 साली ‘साँग’ आणली, 2006 मध्ये बंद. युनायटेडची ‘टेड’ 2004 ते 2009. ब्रिटिश एअरवेजने 1998 साली ‘गो’ काढली, पण घरातल्या घरात स्पर्धा नको म्हणून विकून टाकली आणि शेवटी ती प्रतिस्पर्धी ईझीजेटच्या पदरात पडली. आपल्याकडे किंगफिशरने एअर डेक्कन घेऊन तिचं ‘किंगफिशर रेड’ केलं. नाव तेच, रंग तोच, मार्ग बरेचसे तेच आणि भाडं कमी. प्रवाशाने महागडं तिकीट का काढावं? जेटने एअर सहारा घेतली, तिचं जेटलाइट केलं, पुढे जेट कनेक्ट काढलं आणि अखेरीस सगळं पुन्हा एकाच छापात ओतलं. त्या दोन्ही कंपन्या आज नाहीत. त्या बुडण्याची कारणं अनेक होती, पण आपल्या दोन सेवांमधली भिंत त्यांनी स्वतःच पाडली होती हे त्यातलं एक.

मग कुणाला जमलं? ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने 2004 साली जेटस्टार उडवली. मुख्यालय सिडनीत न ठेवता मेलबर्नला नेलं, व्यवस्थापन निराळं केलं, पर्यटकांचे मार्ग तिच्याकडे दिले आणि व्यापारी प्रवाशांचे स्वतःकडे ठेवले. लेकीचा संसार वेगळ्या गावात मांडून दिला.

एअर इंडिया एक्सप्रेसची गोष्ट मला यासाठी मोलाची वाटते, की सरकारी मालकीची असूनही तिने सुरुवातीला ही वाट बरोबर पकडली. 2005 साली आखातात मजुरी, ड्रायव्हिंग, नर्सिंग करणारे लाखो भारतीय होते, त्यांत मल्याळी सर्वाधिक. तिकिटं महाग होती, मोठ्या शहरात उतरून पुढे दिवसभर आगगाडी किंवा बस. एअर इंडियाची मोठी विमानं कोळीकोड, मंगळूर, तिरुचिरापल्लीसारख्या ठिकाणांहून फायद्यात चालणार नव्हती. 180-190 आसनांचं 737 मात्र तीन-साडेतीन तासांत शारजा किंवा मस्कत गाठतं, रात्री जाऊन पहाटे परत येतं आणि त्यामुळे दिवसातले उडण्याचे तास सहज भरतात. आई जिथे जात नव्हती तिथे लेक गेली, म्हणून आईचं गिऱ्हाईक फुटलं नाही. कंपनी कायद्याने वेगळी होती, विमानं वेगळी होती आणि पुढे मुख्यालयही कोचीला गेलं. शेपटीवर भारतीय कलांची निरनिराळी चित्रं असलेली ही विमानं आखातातल्या कामगारांच्या ओळखीची झाली. पहिली बरीच वर्षं तोट्यात गेली, पण 2015-16 मध्ये आई हजारो कोटींच्या कर्जाखाली असताना लेकीने सुमारे 362 कोटींचा निव्वळ नफा दाखवला.

तुलनेसाठी थोरल्या लेकीकडे, अलायन्स एअरकडे पाहावं. इंडियन एअरलाइन्सने तिला आपली जुनी 737-200 विमानं दिली. नवा मार्ग, नवं गिऱ्हाईक असं फारसं काही दिलं नाही. पुढे ती लहान शहरांकडे वळली आणि सत्तर आसनांची, पंख्याची एटीआर विमानं चालवू लागली, तेव्हा कुठे तिला स्वतःचं काम सापडलं. आमच्या सीमेपलीकडे सिंधुदुर्गात चिपी विमानतळावर 9 ऑक्टोबर 2021 रोजी मुंबईहून जे पहिलं प्रवासी विमान उतरलं ते तिचंच. उडान योजनेतलं सरकारी अनुदान नसतं तर तो मार्ग चालला नसता, हेही खरं.

काटकसरीची सीमा

स्वस्त विमान कमी सुरक्षित असतं का, हा प्रश्न कुणीही विचारेल आणि विचारायलाच हवा. नियम सर्वांना सारखे आहेत. देखभालीच्या मुदती, वैमानिकांचे उड्डाणाचे कमाल तास आणि विश्रांती, इंधनाचा राखीव साठा यांत स्वस्त कंपनीसाठी सवलत नाही. पण नियम पाळूनही काटकसर चुकीच्या जागी केली तर काय होतं, याचं उदाहरण एक्सप्रेसच्याच इतिहासात आहे.

7 ऑगस्ट 2020 रोजी दुबईहून आलेलं एक्सप्रेसचं विमान कोळीकोडच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे गेलं आणि खाली कोसळलं. दोन्ही वैमानिकांसह 21 जण गेले. पाऊस होता, वारा पाठीमागून होता, विमान धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकलं. चौकशी अहवालाने मुख्य कारण ठरवलं ते ठरलेली कार्यपद्धती न पाळल्याचं. पण अहवाल तिथेच थांबला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीकोडहून निघणारं विमान त्याच कप्तानाला न्यायचं होतं. कोळीकोड तळावर 26 सहवैमानिक नेमलेले होते आणि कप्तान फक्त एक. दुसऱ्या विमानतळाकडे वळण्याऐवजी तिथेच उतरण्याच्या आग्रहामागे उद्याच्या फेरीची ही ओढ होती, असं चौकशी समितीला दिसलं आणि तिने कंपनीच्या मनुष्यबळ धोरणाला दोष दिला.

टेबल लवकर रिकामं करणं ही काटकसर आहे. आचारी एकच ठेवणं ही काटकसर नाही. विमान कंपनीत राखीव माणसं बसून असतात तेव्हा ती वाया जात आहेत असं हिशेबनिसाला वाटतं. खराब हवेच्या रात्री कप्तानाला ‘दुसरीकडे उतरतो, उद्याचं उद्या पाहता येईल’ असं म्हणता यावं, यासाठीच ती माणसं असतात.

दोन स्वयंपाकघरं एकत्र करताना

टाटांकडे एअर इंडिया परत आली तेव्हा घरात चार विमान कंपन्या झाल्या: एअर इंडिया, विस्तारा, एक्सप्रेस आणि एअरएशिया इंडिया. चारांच्या दोन करायच्या ठरलं, एक पूर्ण सेवेची आणि एक स्वस्त. कागदावर हे सरळ दिसतं. प्रत्यक्षात एक्सप्रेसकडे सगळी विमानं बोइंगची होती आणि एअरएशियाकडे एअरबसची. बोइंग 737 चालवणारा वैमानिक उठून एअरबस 320 वर बसू शकत नाही, त्यासाठी महिनोन्‌महिने वेगळं प्रशिक्षण लागतं. यंत्रज्ञांचंही तेच. एका जातीच्या विमानांमुळे होणारी बचत, जिच्यावर स्वस्त सेवेची इमारत उभी राहते, ती विलीनीकरणाच्या पहिल्याच दिवशी विरळ झाली.

विमानं लवकर हवी होती म्हणून बोइंगकडून चीनच्या कंपन्यांसाठी बांधून पडून राहिलेली 737 मॅक्स घेतली. त्यांत पुढे प्रशस्त वर्गाच्या खुर्च्या आधीच बसवलेल्या होत्या. स्वस्त कंपनीच्या विमानात बिझनेस क्लास दिसू लागला तो त्यामुळे.

माणसांचं एकत्र येणं याहून अवघड गेलं. मे 2024 मध्ये एक्सप्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांपैकी दोनशेहून अधिक जणांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली आणि दोन-तीन दिवसांत शंभराहून अधिक विमानफेऱ्या रद्द झाल्या. विलीनीकरणानंतरच्या अटी, पदं आणि वागणूक यांबद्दल त्यांच्या तक्रारी होत्या. कंपनीने पंचवीसेक जणांना काढलं आणि तडजोडीनंतर परत घेतलं. विमान अर्ध्या तासात पुन्हा उडतं ते या माणसांच्या पायांवर. त्यांना आपला संसार विसकटतोय असं वाटलं, तर 186 आसनांचं गणित काही कामाचं राहत नाही.

2024-25 या वर्षात एक्सप्रेसचा करपूर्व तोटा साडेपाच हजार कोटींच्या वर गेला. काही वर्षांपूर्वी नफ्यात असलेली कंपनी दोन-अडीच डझन विमानांची होती, आता ती शंभरीच्या पुढे गेली आहे आणि 2023 साली समूहाने मागवलेल्या 470 विमानांपैकी 190 बोइंग 737 मॅक्स तिच्यासाठी आहेत. वाढीचा खर्च आधी येतो आणि उत्पन्न मागून, हे मान्य केलं तरी आकडा मोठा आहे. आता तिची स्पर्धा कोळीकोड-शारजा मार्गावर नाही. देशातल्या मार्गांवर इंडिगो समोर उभी आहे, जिच्याकडे विमानांचा भलामोठा ताफा आणि जवळजवळ वीस वर्षांचा एकसंध अनुभव आहे.

वास्कोच्या प्रवाशाचा हिशेब

युरोपात स्वस्त कंपन्या शहरापासून लांबच्या विमानतळांवर उतरतात. फ्रँकफर्टच्या नावाने विकलेलं तिकीट शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या हान गावात नेऊन सोडत असे. मोपा तसा दुय्यम विमानतळ नाही. कतार एअरवेजसारखी महागडी कंपनीसुद्धा जून 2024 मध्ये दाबोळी सोडून तिकडे गेली. पेडणे, डिचोली, सावंतवाडीच्या माणसाला मोपा सोयीचा आहे, पूर्वी त्याला झुवारी ओलांडून दाबोळी गाठावी लागे. वास्को, मडगाव, काणकोणच्या माणसाला उलटा फेरा पडतो. स्वस्त तिकिटाचे वाचलेले पैसे टॅक्सीवाल्याच्या हातात जाणार नाहीत ना, हे त्याने तिकीट काढण्याआधी पाहायचं. कदंबाच्या बसचं वेळापत्रक विमानाच्या वेळेला जुळलं तर भाडं खरोखर स्वस्त पडतं. रात्री साडेअकराला उतरणाऱ्या विमानासाठी मात्र तो हिशेब नव्याने करावा लागतो.

आणखी एक गोष्ट तिकीट काढताना बघण्यासारखी आहे. स्वस्त कंपनी मुळात एका गावाहून दुसऱ्या गावी सोडते, पुढच्या विमानाची जबाबदारी घेत नाही. दोन वेगवेगळी तिकिटं काढून गोव्याहून दिल्ली आणि दिल्लीहून लंडन केलं आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं, तर दुसरं तिकीट बुडतं. एअर इंडिया आणि एक्सप्रेस मात्र आता एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे विकतात. सामान एकदाच द्यायचं आणि पहिलं विमान चुकलं तर पुढची सोय कंपनीने करायची. परदेशी मुलांकडे निघालेल्या म्हाताऱ्या आईवडिलांसाठी हा फरक हजार रुपयांपेक्षा पुष्कळ मोठा आहे.

लेकीची भूमिका इथे पालटते. 2005 मध्ये ती आईपासून दूर राहिली म्हणून तगली. आता आईची लांब पल्ल्याची विमानं भरण्यासाठी लहान शहरांतून माणसं गोळा करून आणणं हे तिचं काम ठरतंय. त्यासाठी तिचं वेळापत्रक आईच्या वेळेला जुळवावं लागेल आणि लंडनचं विमान उशिरा आलं तर तीस-चाळीस प्रवाशांसाठी गोव्याचं विमान दिल्लीत थांबवून ठेवावं का, हा प्रश्न रोज पडेल. थांबवलं तर तो अर्धा तास गेला आणि त्याच्या मागची दिवसभराची साखळीही मागे पडली. सोडलं तर एकाच तिकिटाचं वचन मोडलं.